गोलात बसवलेला चेहरा

माझ्या ई-मेलवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर एका जांभळ्या गोलात बसलेलं असतं, हे इतकी वर्षं मेल करूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बंदराजवळच्या एका दुकानात मी बिलं करते. जाळी, दोर, बोये, इंजिनाचे सुटे भाग, असलं सामान. कंपन्यांना ऑर्डरी मेलने जातात, आणि उशिरा आलेल्या मालावरून भांडायला कुणाला कुणाचा फोटो लागत नाही. त्यामुळे त्या गोलाकडे बघायची वेळच आली नव्हती.

ती आली नवऱ्यामुळे. तो शिपवर असतो, इंजिनरूममध्ये. या वेळी ज्या बोटीवर चढला ती मालाची लहानशी बोट होती. ती आखातातल्या एका बंदरात गेली आणि तिथेच राहिली. मी हे लिहिते आहे तेव्हाही तिथेच आहे. मालकाने हात वर केले, फोन बंद केला आणि गायब झाला. बंदरवाल्यांनी बोट किनाऱ्यापासून लांब नांगरून ठेवायला लावली, सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले आणि प्रकरण मिटेपर्यंत कुणी उतरायचं नाही म्हणून सांगितलं. जहाज माणसांशिवाय ठेवता येत नाही म्हणे, तसा कायदा आहे. माणसांना अन्नपाण्याशिवाय ठेवायला मात्र कुठल्या कायद्याची आडकाठी आलेली दिसली नाही.

गणपतीला तो घरी यायचा होता. त्याऐवजी त्याचा फोन आला. म्हणाला, "जनरेटर दिवसातून थोडाच वेळ लावतात, सगळ्यांचे फोन एकाच बोर्डावर. माझ्या फोनचं आता खरं नाही. तू मेल करत जा. रेंज मिळाली की सगळं एकदम वाचीन." मी विचारलं, जेवलात का? तो म्हणाला, भात आहे. भाताबरोबर काय ते विचारायच्या आत फोन गेला. त्यानंतर काही नाही. गणपती गेले, नवरात्र गेलं, चाकरमानी आले तसे मुंबईला परतले, आणि आमच्याकडे काही नाही.

मी त्याला रोज मेल करायचे. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा, परसातल्या नारळांवर उतरलेली माकडं, दुकानात आलेलं नवीन जाळं. रडगाणं गायचं नाही असं ठरवून बसायचे आणि चौथ्या ओळीला तेच सुरू व्हायचं, मग ते पुसायचे. त्याला लिहून झालं की एजंटाला. मुंबईच्या ज्या एजंटाने त्याला या बोटीवर चढवलं, त्याच्या ऑफिसात मी इतके मेल केले की त्यांनी माझ्यावर तक्रार केली असती तरी मला नवल वाटलं नसतं. उत्तर एकच यायचं, तेही कधीतरी: बघतो.

शेवटी एक दिवस रजा काढली आणि मुंबईला त्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. टेबलामागे एक क्लार्क होता, बोलायला अगदी गोड. "तुमचे मेल येतात ना मॅडम, हे बघा, सगळे आहेत," असं म्हणून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. गोलच गोल होते. हिरवे, निळे, नारिंगी, प्रत्येकात एकेक अक्षर. त्यात मधूनमधून माझा जांभळा, आणि पुढे माझं नाव ठळक टाइपात. मी दिवसभर हेच काम करते. ठळक म्हणजे न उघडलेलं, एवढं मला कळतं. मग त्याने विचारलं, "कुठल्या शिपवरचे म्हणालात तुमचे मिस्टर?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरचा पाण्याचा ग्लास त्याच्या त्या इस्त्रीच्या शर्टावर ओतावा असं वाटलं. ओतला नाही, कारण ठोठावायला दुसरं दार नव्हतं. मी नाव सांगितलं, बोटीचं नाव सांगितलं, बंदर सांगितलं. तो लिहून घेत होता आणि मी स्क्रीनकडे बघत होते. एवढ्या अक्षरांमध्ये एकाच गोलात चेहरा होता, कुणातरी चष्मेवाल्या बाईचा, आणि माझी नजर पुन्हा पुन्हा त्या बाईवरच जात होती. परतीच्या गाडीत मी ठरवलं की आता त्याचा चेहरा लावायचा. माझ्या नावावर यापुढे कुणाला काही अक्षरबिक्षर दिसता कामा नये. रोज सकाळी त्या क्लार्कने मेलबॉक्स उघडला की माझा नवरा त्याच्याकडे बघत असला पाहिजे. मग न उघडता पुढे जाऊन दाखव म्हणावं.

रविवारी दुपारी फोटो शोधायला बसले. आमच्याकडे त्याचे फोटो असे नाहीतच. घरी असला की फोटो तोच काढतो. एक होता गणपतीपुढचा, पण त्यात त्याचे डोळे मिटलेले. एक शिपवरचा, हेल्मेट घातलेला, माणूस वाटाण्याएवढा. एक मालगुंडच्या समुद्रावरचा, त्यात मीही आहे. मला कापलं तर त्याचा खांदा जात होता. शेवटी त्याच्या खलाशी-नोंदणीच्या पुस्तकासाठी काढलेला पासपोर्ट साइज फोटो सापडला. पांढरी भिंत, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, समोर सरळ बघणारा चेहरा. गंभीर, नीट, स्पष्ट. मला वाटलं, हाच. ऑफिसातल्या लोकांना असाच लागतो.

मेलमध्ये जाऊन त्या जांभळ्या गोलावर बोट ठेवलं. फोटो बदला, असं आलं. फोटो घेतला, दोन बोटांनी लहानमोठा केला, चेहरा मधोमध आणला. खाली बारीक अक्षरांत लिहून आलं होतं की हा बदल सगळीकडे दिसायला थोडा वेळ लागू शकतो. मी ते वाचलं, आणि वाचून पुढे गेले. सगळीकडे म्हणजे कुठे, असा प्रश्न माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला पडायला हवा होता, पण मला तो चेहरा बघून इतकं बरं वाटलं होतं की मी तिथेच थांबले. एजंटाला मेल केला, नवऱ्याला केला, आणि खूप दिवसांनी दुपारची झोपले.

सोमवारी सकाळी दारावर मासेवाली आली. बांगडे घेतले आणि फोनवरून पैसे दिले. तिने तिच्या फोनमध्ये बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळाकडे बघितलं हे मला नंतर आठवलं. म्हणाली, "बाय, बांगडे खातंस तू आज?"

"मग काय उपास धरू?" मी म्हटलं. मला दुकानाची घाई होती.

तिने टोपली उचलली आणि पुढच्या घरी न ओरडताच गेली.

दुकानात जाऊन बसते तोच फोन वाजला. एजंटाच्या ऑफिसचा. इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून केलेला पहिला फोन. मला वाटलं, लागू पडला उपाय! मी अक्षरशः खुर्चीतून उठून उभी राहिले. तोच गोड बोलणारा क्लार्क होता. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, फार वाईट वाटलं."

पायाखालची जमीन सरकते असं आपण सहज बोलतो. माझ्या पायाखाली फरशी होती आणि ती खरोखर हलली. मी दोराच्या बंडलाला धरलं. कानात समुद्राचा आवाज सुरू झाला आणि त्यातून तो काहीतरी बोलत होता, आमच्याकडे अजून ऑफिशियल काही आलेलं नाही, साहेबही विचारत होते, तुम्हाला नेमकं कुठून कळलं. मला एवढंच समजलं की तो गेला आणि यांना माहीत आहे. मी म्हणाले, "कधी?" तो म्हणाला, "ते तुम्हीच सांगा ना मॅडम." मी ओरडले, "अहो, मी काय सांगू? तुम्ही सांगा, कधी गेले?" दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. एका होडीचा तांडेल हातातली शॅकलची लोखंडी कडी तशीच धरून उभा होता.

मग तो चाचरत म्हणाला, "तुमच्या मेलवर सरांचा फोटो लागला ना. आम्हाला वाटलं..."

मला समजायला वेळ लागला. आमच्याकडे माणूस गेला की आधी डीपी बदलतात. मुलगा, सून, पुतणे, भाचे, सगळ्यांच्या नावापुढे एकच फोटो येतो, असाच, सरळ समोर बघणारा, कारण दुसरा नीट फोटो कुणाचाच नसतो. तोच मग नाक्यावरच्या फ्लेक्सवर चढतो. मी स्वतः कितीदा असा फोटो बघून कुणाला न विचारताच 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप करून हात जोडून मोकळी झाले आहे. आणि आता माझ्याच हाताने मी माझ्या नवऱ्याला त्या गोलात नेऊन बसवलं होतं.

"ते जिवंत आहेत," मी फोनवर म्हटलं. "फोटो तुम्हाला दिसावा म्हणून लावलाय."

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका ऐकू आली. "मग ठीक आहे मॅडम. बघतो." फोन ठेवला.

म्हणजे तो मेला असं वाटलं तेव्हा त्यांनी फोन केला. तो जिवंत आहे म्हटल्यावर बघतो. मी खाली बसले आणि गिऱ्हाइकांसमोर हमसून हमसून रडले. मग एकदम मासेवाली आठवली. माझ्या कपाळाकडे बघणारी तिची नजर आठवली. पैसे पाठवायच्या ॲपला माझा मेलच जोडलेला आहे. सगळीकडे म्हणजे कुठे, ते आता समजलं, आणि घरी आई एकट्या होत्या.

रिक्षाने गेले. पडवीत आमच्या वाडीतल्या चार-पाच बायका बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चपला पायरीखाली काढलेल्या. दारात झाकण ठेवलेलं एक पातेलं होतं. झाकण उघडायची गरज नव्हती, वास येत होता: पिठलं-भात. गेलेल्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणी आणून ठेवतात तो. आणि त्या वासावर आतून आमच्या स्वतःच्या चुलीवरचा, तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या साराचा वास, तळाला लागलेला.

आई उंबऱ्यात बसल्या होत्या. कुणी त्यांना एक शब्द सांगितला नव्हता, सांगायचा धीर कुणाला झाला असता? त्या पातेल्याकडे बघत होत्या. बोटीवाल्यांच्या घरात सगळा जन्म गेलेली बाई, तिला पातेलं कळतं. मला बघून त्यांनी एकच विचारलं, "कवा?"

"नाही हो आई," मी त्यांचे दोन्ही हात धरले. "काही झालं नाही. मी फोटो लावला. नुसता फोटो लावला फोनवर."

"फोटो?"

"त्यांचा. साहेबलोकांना दिसावा म्हणून."

त्यांना हे कळणं शक्यच नव्हतं. आमच्या घराच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे, त्यांच्या वडलांचा आहे, लहानपणी गेलेल्या एका दिराचा आहे. जिवंत माणसाचा एकही नाही. आमच्या लग्नाचासुद्धा कपाटात आहे. आईंनी माझे हात झटकले. "जित्या मानसाचा फोटो लावतात काय गो? जित्याचा?" असं म्हणत त्यांनी मला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, दंडावर, जिथे हात पोचेल तिथे. मी मारू दिलं. बायका मध्ये पडायला उठल्या, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले की पातेलं उचला आणि चालत्या व्हा, माझा नवरा मेलेला नाही. ज्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या घरचं पीठ ढवळलं त्यांना मी तसं बोलले. पण त्या क्षणी मला प्रत्येकीचा राग आला होता. इतकं पटकन त्यांनी मानलं कसं?

संध्याकाळी नणंदेचा फोन. ती मुंबईला नोकरी करते, तिला मी तक्रारीच्या प्रती मेलने पाठवत असे. ऑफिसात तिने मेल उघडला आणि भावाचा फोटो बघून तिथेच घेरी येऊन पडली होती. "वयनी, तो फोटो आधी काढ," ती रडत म्हणाली. "अपशकुन आहे तो. तुला काय वेड लागलंय?"

मी काढला नाही. मला शकुन-अपशकुनाचं काही वाटत नाही असं मी तिला सांगितलं आणि ते साफ खोटं होतं. लावताना काही वाटलं नव्हतं, पण आता काढायला बोट धजत नव्हतं. गोलावर बोट ठेवलं की 'फोटो काढून टाका' असं यायचं. ते मी रोज वाचायचे आणि परत यायचे. काढून टाका म्हणजे? काढला आणि खरंच काही झालं तर? ठेवला तर रस्त्यात माणसं माझ्या गळ्याकडे बघणार, मंगळसूत्र आहे का ते. काढला तर पुन्हा ते जांभळं अक्षर आणि ठळक, न उघडलेली रांग. दोन्हीकडून मीच मरत होते. आई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. जेवायला वाढायच्या, पण ताट माझ्यापुढे आपटून.

आणि मग एका दुपारी त्याचा मेल आला. दुकानातच. मी आधी उघडलाच नाही, कारण मला वाटलं, आता हेही दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या फोनवरून कळवलं असेल. पाणी प्यायले आणि मग उघडला.

"तुझे सगळे मेल आज मिळाले. पाणी घेऊन होडी आली, त्या माणसाने त्याच्या फोनचं नेट दिलं. उघडलं तर वरपासून खालपर्यंत माझाच फोटो. गणपतीच्या आधीच्या मेलवर पण. मला वाटलं कोणीतरी तुला कळवलं मी गेलो म्हणून. खरं सांगू, थोडा वेळ मलाही खरं वाटलं. आरशात जाऊन बघून आलो. मग तुझं वाचलं आणि समजलं. तू बरोबर केलंस. पण तो फोटो काढ. आता मी तसा नाही. सोबत पाठवलाय तो लाव. त्यांना हा बघू दे. आईला दाखवू नको."

जुन्या मेलांवरसुद्धा नवा फोटो चढतो, हे मला माहीत नव्हतं. मी नारळ, माकडं, गुडघा असलं लिहिलेली प्रत्येक ओळ त्याने स्वतःच्या फोटोखाली वाचली होती. आपण आहोत का नाही ते बघायला आरशापर्यंत जाणारा माझा नवरा मला दिसला, आणि मला इतकी लाज वाटली की मेल तसाच उघडा ठेवून मी मागच्या गोदामात जाऊन बसले.

घरी येऊन आधी आईंना सांगितलं. मेल आलाय, त्यांनी स्वतः लिहिलाय, बरे आहेत. आईंनी मला जवळ ओढलं. मग देवापुढे उभं राहून त्यांनी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, ग्रामदेवतेपासून सगळ्यांना नावं घेऊन बोलावलं, आणि लेकाला सुखरूप घरी आण म्हणाल्या. शेवटी "व्हय म्हाराजा" म्हणायला मीच होते. ते मी म्हटलं.

त्या चहा ठेवायला आत गेल्या तशी मी टेबलाशी बसून त्याने पाठवलेला फोटो उघडला. आधी मी शर्ट ओळखला. माणूस ओळखायला थोडं थांबावं लागलं. दाढी छातीवर आलेली, गाल आत गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले. डोळे मात्र समोर. हसायचा प्रयत्न केला असावा, कारण दात दिसत होते. मी जुना फोटो काढला, हा घेतला, मधोमध आणला, आणि पुरा गोल भरेल एवढा मोठा केला. एजंटाला मेल लिहिला. मजकूर काहीच नाही, फक्त त्याचं नाव आणि बोटीचं नाव. पाठवला. मेलच्या डोक्यावर तो गोल उमटला, त्यावर बोट ठेवून मी तो मोठा करून बघत बसले.

आई चहाचा कप घेऊन मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"त्येचा काढलास ता बरा केलास," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी त्या माझ्याशी मायेने बोलत होत्या. मग कप खाली ठेवून, चष्मा सारखा करून, फोनवर वाकल्या. "पन ह्यो कोन गो?"

"त्यांच्या बोटीवरचे आहेत," मी म्हटलं.

आईंनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला, पदराने काच पुसली आणि पुन्हा बघितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "ह्येच्या आयशीला दाखवलास काय?"

"हो," मी म्हटलं. "आत्ताच दाखवला."